विहीणबाईंनी किल्ला हलवला

माणसाला आयुष्यात जेवढे धक्के बसायचे असतात तेवढे साठीपर्यंत बसून संपतात, अशी माझी भाबडी समजूत होती. मग मुलाचं लग्न ठरलं आणि मला विहीणबाई मिळाल्या. तेव्हापासून आ वासायचा इतका सराव झालाय की दाताच्या डॉक्टरांनी परवा माझं कौतुक केलं.

पनवेलच्या आमच्या इमारतीला बेल आहे, इंटरकॉम आहे, नाव लिहून घेणारा रखवालदार आहे. विहीणबाईंना यातलं काही लागत नाही. त्या पार्किंगमध्ये स्कूटर लावतात, मान वर करतात आणि चौथ्या मजल्याकडे हाक टाकतात, "विहीणबाय, चाय ठेवा गो! आले मी!" एकदा या हाकेने दचकून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीसुद्धा आधण ठेवलं होतं. स्कूटर चालवताना अंगावर नऊवारी, हातात कोपरापर्यंत सोनं, डोक्यावर हेल्मेट आणि त्या हेल्मेटला बाहेरून बांधलेला अबोलीचा गजरा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गजऱ्याकडे बघतच राहिले. त्यांनीच खुलासा केला, "आत घातला तं चेपतो. न घातला तं बाई लग्नाला चाललीय का मयताला, ते लोकांना कलत नाय."

आमची पहिली भेटही अशीच. त्या वेळची मी म्हणजे चालताबोलता सूचनाफलक. दर दोन वाक्यांमागे "आमच्याकडे असं असतं" म्हणायची मला खोड होती. मुलाला मी घड्याळ लावून वाढवलेलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळणीचं तबक थंड व्हायच्या आत आकाशकंदील खोक्यात आणि खोकं माळ्यावर. अशा मी, इरकल नेसून, विहीणबाईंसमोर लहानशा बशीत पोहे ठेवले. वर खोबरं, बाजूला चमचा, खाली नक्षीचा रुमाल. त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे चाखायचं का खायचं?" मग स्वतः उठून स्वयंपाकघरात गेल्या नि कढई घेऊन आल्या. मी उभी ती उभीच. सून मात्र मला त्याच क्षणी आवडली, कारण ती आईकडे बघून लाजेने टेबलाखाली शिरायच्या बेतात होती.

आता दिवाळीनंतरच्या घरात किती धक्के मावतात ते सांगते. गणपतीपासून घराला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दिवाळीत तर नणंदा, भाचे, त्यांची पोरं मिळून हॉलमध्ये गाद्यांचा समुद्र. मग सगळे एका सकाळी गेले आणि उरलं काय? मऊ पडलेल्या चकल्या, चिवड्याच्या तळाशी मीठ, तीन वर्षांचा नातू जो प्रत्येक दाराआड गेलेली भावंडं शोधत होता, आणि सहा वर्षांची नात. ती तर घरातच नव्हती. ती किल्ल्यावर होती.

किल्ला इमारतीच्या मागच्या भिंतीशी. सगळ्या पोरांनी मिळून केलेला, माती-दगड-गोणपाटाचा. वर पेरलेले अळीव आता मस्त हिरवे झाले होते. पाहुणी पोरं गेली आणि किल्ला एकट्या नातीच्या ताब्यात आला. त्यातच सोसायटीचा निरोप आला की तिथे गाड्यांची जागा आखायची आहे, रविवारपर्यंत किल्ला काढा. माझा मुलगा समजूतदार. तो म्हणाला, "बाळा, पुढच्या वर्षी याहून मोठा करू." नातीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तोच दोन पावलं मागे सरकला. "मी वर आले की तू तोडणार," ती म्हणाली आणि किल्ल्यापाशी मांडी ठोकून बसली. जेवण तिथे. अभ्यास तिथे. झोप लागली की उचलून वर आणायची. सकाळी डोळे उघडले की अनवाणी जिन्याकडे. सोमवारी शाळा उघडणार होती आणि ही म्हणत होती, "किल्लेदार शाळेत जात नाहीत."

सुनेने समजावलं, मी गोष्टी सांगितल्या, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. पोर ढळली नाही. मला काळजी किल्ल्याची नव्हती. ते मातीचं काम, आज ना उद्या जाणारच. पण आपण झोपलो की बाप किल्ला मोडील असं ज्या पोरीला वाटतं, ती पुन्हा त्याच्या कुशीत निवांत झोपणार कधी? शेवटी मीच सुनेला म्हटलं, "तुझ्या आईला बोलाव. तिचं ऐकेल." एखादी खणखणीत दटावणी आणि प्रश्न मिटेल, असा माझा हिशेब.

विहीणबाई रविवारी सकाळी आल्या. आल्या आल्या मऊ चकल्यांचे तुकडे करून फोडणीच्या आमटीत सोडले, आणि माझं "अहो, अहो" संपायच्या आत नातवाने वाटीभर ओरपलीसुद्धा. मग पदर खोचून खाली उतरल्या. मी मागोमाग. नातीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, आता पडणार ओरडा.

"गो पोरी," त्या म्हणाल्या, "पानी कोन घालतं याला?"

"मीच."

"मंग बरं हाय." आणि त्याही तिच्या शेजारी मांडी ठोकून बसल्या.

एका किल्लेदाराचे दोन झाले! मुलाने कपाळावर हात मारला. एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी खडू आणि टेप घेऊन आले. "काकू, नियम आहे, आज जागा मोकळी हवी."

"नियम हाय तं हाय. मी कुठं नाय म्हनते?" विहीणबाई म्हणाल्या. "पन तोडायचं कशाला? उचला."

"किल्ला?"

"मंग काय तुमाला?"

आणि त्यांनी भावाला फोन लावला. हे भाऊ करंजा बंदरावरून मासळी वाहतात. तासाभरात त्यांचा टेम्पो आमच्या फाटकातून आत आला, आणि त्याच्याआधी त्याचा वास. नाकाला पदर लावून मी म्हटलं, "विहीणबाई, महाराजांचा किल्ला मासळीच्या क्रेटमधून?"

"महाराजांचं मावलं काय खात होतं, वरनभात?" त्या म्हणाल्या. मी नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवते. विहीणबाईंनी नातीला विचारलं, "पयलं काय न्यायचं?" नातीने विचार करून महाराजांना उचललं आणि फ्रॉकच्या ओच्यात घेतलं. मग तोफा, मग मावळे, मग अळिवाचे गालिचे मुळांसकट सोडवून, अलगद, जसे बाळाचे कपडे उचलावेत. माझा मुलगा फावडं घेऊन आला तेव्हा नातीने एक क्षण त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बाबा, बुरूज तू घे," ती म्हणाली. "हळू हां." सेक्रेटरींनीही टेप खिशात घालून एका क्रेटचं टोक धरलं. आणि इरकलवाली मी, टेम्पोत पुढे, नातीच्या शेजारी, पायाशी सुकटीचा चुरा.

करंजाड्याकडे विहीणबाईंचा बंगला आहे. विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं, त्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बांधलेला. मागच्या अंगणात क्रेट रिकामे झाले. किल्ला कुठे होता? मातीचे चार ढीग होते, त्यात माना वाकवलेले अळीव. नातीचा खालचा ओठ पुढे आला.

आता विहीणबाई पोरीला कुशीत घेतील, असं मला वाटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. ढिगाकडे बघतच म्हणाल्या, "आमचं गावबी असंच आलं गो. चौकटी एका गाडीत, कौलं दुसऱ्या. तुलस मी मांडीवर घेतली होती. मंग हितं येऊन बसवलं सगलं."

"सगळं बसलं?" नातीने विचारलं.

विहीणबाईंनी वाकून एक अळीव सरळ केला. मला वाटलं, हो म्हणतील. मी असते तर म्हटलंच असतं.

"नाय," त्या म्हणाल्या. "सगलं नाय बसलं."

नातीने तेवढं ऐकलं. ओठ आत घेतला, खाली बसली आणि दोन्ही हात मातीत घातले. "मग आपण दरवाजा छोटा करू," ती म्हणाली. "बाबा, पाणी आण."

तिचा बाप पाणी आणायला धावला. विहीणबाईंनी मातीच्याच हाताने डोळे पुसले आणि गालभर माती ओढली गेली. ती पुसा, असं मी त्यांना सांगितलं नाही. चपला बाजूला काढून ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी बसून ओल्या मातीचा गोळा मळायला घेतला.