ज्योतीजवळची साडी

तुमच्या अंगावरचं कापड पेटलं, तर ते जळून राख होईल की वितळून कातडीला चिकटेल, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. आमच्या कामथडीच्या घरात वह्यांना कव्हरंसुद्धा जुन्या पत्रकांची असायची, आणि पाण्यापासून एसटीपर्यंत कशावरही भांडायची माझी तयारी. कापडाचा प्रश्न मात्र मला भोरला, दागिने घडवायच्या वर्गात कळला.

बाजारपेठेतल्या एका खोलीत आम्ही सहा जणी शिकायचो. मास्तर पिढीजात सोनार. पहिला धडा जोडव्याचा. चांदीची तार वळवायची, टोकं जुळवायची, फटीवर सांधा नीट बसावा म्हणून टाकणखार लावायचा, वर डाखाचा, म्हणजे सांधायच्या धातूचा, इवलासा कण ठेवायचा आणि गॅसची ज्योत फिरवायची. चांदी नीट तापली की डाख वितळून फट भरतो. खिडकी उघडी, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा, शेजारी पाण्याची बादली, यातलं काही राहिलं तर मास्तर गॅस पेटवू देत नसत.

माझ्या शेजारी हिर्डोशीच्या वहिनी बसत. सासूबाईंनी त्यांना एका अटीवर सोडलं होतं. हाताला भाजलेलं दिसलं की दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद. त्यामुळे घरी गेल्यावर रोज हातांची तपासणी व्हायची.

चौथ्या दिवशी वहिनी ज्योतीवर वाकल्या आणि पदर सुटून पुढं आला. भडका उडाला नाही. कापड फक्त आक्रसलं, वाटीएवढं भोक पडलं आणि काळा थेंब टेबलावर टपकला. मास्तरांनी गॅस बंद केला.

"वहिनी, हा थेंब हातावर पडला असता तर सालपटासकट निघाला असता. उद्यापासून सुती नेसून या. न्हाईतर मी ज्योतीजवळ बसू देणार न्हाई."

वहिनींनी भोक पडलेला पदर मुठीत धरला. आमच्याकडं तालुक्याला जायचं म्हणजे ठेवणीतली झुळझुळीत सिंथेटिक साडी नेसायची. सुती साडी शेतातली.

मी लगेच सुरू झाले. लोकांना घाबरून आपण किती दिवस जगायचं, वगैरे.

"तू जीन घालून येतीस, तुला काय," वहिनी म्हणाल्या. "म्या शेतातलं लुगडं नेसून एसटीत बसले, तर गाव म्हनंल हिचं घरात काय तरी बिनसलंय. मग सासूबाईच म्हनतील, ऱ्हाऊ दे तुजा क्लास."

म्हणजे दोन्हीकडून क्लास जाणार. मी चिडून दुसऱ्या दिवशी सकाळी एक खणखणीत पत्रक लिहिलं आणि वर्गाच्या भिंतीवर चिकटवलं. वहिनींनी आल्या आल्या ते शेवटपर्यंत वाचलं.

"लिवलंय लई झ्याक. पन नेसायचं काय, ते कुठं लिवलंय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरानं.

मग वहिनींनी पिशवीतून नवऱ्याचा जुना सुती शर्ट काढला. भाताच्या लावणीला त्या तो साडीवर घालत. पदर घट्ट आत खोचला, गळ्यापर्यंत बटणं लावली, बाह्या मनगटाशी बंद केल्या.

"आता हितं कोन बगतंय? एसटीत साडी हाय की," म्हणत त्या ज्योतीजवळ बसल्या. "मालकांचा येवडाच काय तो उपेग."

मास्तरांनी पुढून, मागून पाहिलं आणि मान डोलावली. निऱ्या मात्र टेबलापासून लांब ठेवायला लावल्या.

वहिनींनी न घाबरता जोडवं तापवलं. डाख चमकला आणि सर्रकन फटीत पसरला. मास्तर म्हणाले, "मला हे जमायला वर्ष लागलं होतं." त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "सासूबाईंनी हात बगितलं. काय गावलं न्हाई. आता म्हनत्यात, मला बी जोडवी कर."

आठवडाभरात आम्ही सहाही जणी पुरुषांच्या शर्टात. मी भिंतीवरचं पत्रक उतरवलं आणि त्या जागी शर्ट टांगायला खिळे ठोकले. पण सगळ्यांच्याच घरी सुती शर्ट मिळत नाहीत. हल्ली शर्टसुद्धा वितळणारेच येतात. म्हणून सांगते, आज कपाट उघडा. लांब बाह्यांचा जुना, शुद्ध सुती शर्ट सापडला, तर तो फरशी पुसायला फाडू नका. तुमच्या गावात जिथं बायका आगीजवळ बसून काही शिकत असतील, तिथं तो नेऊन द्या.