आवणीतला चौथा भाग

मला सिनेमाचा राग येतो तो सिनेमा आवडतो म्हणून. ज्यांना आवडत नाही ते थिएटरात झोपतात, त्यांचं बरं असतं. मी मात्र एकाच सिनेमावर पाच-सहा वर्षं चिडून होते आणि त्या चिडण्याची मला आजही लाज वाटत नाही.

माझं माहेर पुण्यातलं, पेठेतलं. घरापासून दोन गल्ल्या सोडल्या की थिएटर. लग्न होऊन मी मुळशीत, पौडच्या पुढच्या एका गावात आले तेव्हा सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वर्षातून एकदा, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जायचे आणि एक सिनेमा बघून परत यायचे. तो सिनेमा मग आवणीत सांगायचा. हे काम गावानं मला पहिल्याच वर्षी दिलं, कारण माझ्या आधी जी बाई गोष्टी सांगायची तिला शेवट आठवायचे नाहीत.

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. आज आमच्या खाचरात, उद्या शेजारच्यांच्या, अशा आम्ही दहा-अकरा बायका एका ओळीत वाकून उभ्या राहायचो आणि रोपं लावत मागं मागं सरकायचो. पाठीवर इरलं, त्यावर पाऊस. सांगणारीची जागा ओळीच्या मधोमध, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जातं. बोलताना हात संथ होतो, म्हणून तिच्या दोन्ही बाजूच्या शेजारणी तिची निम्मी पात, म्हणजे तिच्या वाट्याचा लावणीचा पट्टा, उरकून टाकायच्या. आणि आवणी सुरू होईपर्यंत गोष्टीतला एक शब्दही कुणाला सांगायचा नाही, हा नियम. मे महिन्यात कुणी खोदून खोदून विचारलं तरी मी तोंड उघडत नसे. कंबर मोडायच्या दिवसांसाठीच ती राखून ठेवलेली असायची.

माझ्या डाव्या हाताला कायम माझ्या नणंदबाई. माझ्याहून लहान, पण मी त्यांना वन्संच म्हणायचे. दोन वर्षं नांदवून त्यांच्या नवऱ्यानं त्यांना पेटीसकट माहेरी आणून सोडलं होतं. हिला घर धरता येत नाही, एवढंच सांगून तो गेला, तो परत फिरकला नाही. वन्सं फार बोलत नसत. माझ्या लग्नात आलेलं हाताचं शिलाई मशीन घरात धूळ खात होतं, त्याच्या दांड्याची लाकडी मूठसुद्धा फुटली होती. त्यांना त्याला हात लावताना मी पाहिलं नव्हतं, मीही लावला नव्हता.

पहिल्या वर्षी मी सांगितला तो पहिला भाग. तेव्हा तो पहिला आहे हे कुणाला ठाऊक होतं? एका सुनेवर हार चोरल्याचा आळ येतो, सासरचे तिला घराबाहेर काढतात. ती एका खोलीत शिलाई करून पोट भरते. खोकणारा म्हातारा गडी शेवटी खरं काय ते सांगतो आणि नवरा हात जोडून तिच्या दारात येतो. ती त्याच्याकडे बघते, एक शब्द न बोलता दार लावते आणि मशीनवर बसते. मशीनचा आवाज येत राहतो, पडदा पडतो. थिएटरात मी रडले होते आणि खाचरात सांगताना पुन्हा रडले. वन्संनी त्या दिवशी त्यांची पात आणि माझी निम्मी पात कधी संपवली ते मला कळलंही नाही.

सिनेमा तुफान चालला. आणि चाललेल्या गोष्टीला कुणी सुखानं बसू देत नाही. दोन वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात सून त्याच घरात नांदताना दाखवली होती. दार लावलं होतं त्याचं काय झालं, कुणी विचारू नये. आता तिच्यावर पाटल्या चोरल्याचा आळ. पुन्हा बाहेर, पुन्हा गडी खोकतो, पुन्हा नवरा हात जोडतो. मी प्रामाणिकपणे जसं होतं तसं सांगितलं. बांधाकडच्या टोकाला आमची शेजारची म्हातारी असायची, तिला खोटं गोड बोलता यायचं नाही. ती तिकडून म्हणाली, "ए पुण्याची, ह्यांच्या घरात दागिनं ठिवायला कपाट न्हाई का?"

सगळी ओळ हसली. मी हसले नाही. माझ्या आवडत्या बाईची थट्टा चालली होती आणि ती योग्य होती, त्यामुळे मला दुप्पट राग आला. वन्सं तेवढ्या हळूच म्हणाल्या, "परत कशापायी गेली ती?" याचं उत्तर सिनेमा काढणाऱ्यांजवळही नव्हतं.

तिसरा भाग बघताना मी मध्यंतरातच उठणार होते. दुसऱ्या भागात मेलेल्या गड्याचा जुळा भाऊ आला होता, तोही खोकत. या वेळी मंगळसूत्र. येताना एसटीत मी ठरवलं की हे काही मी आमच्या बायकांना सांगणार नाही. त्यांची कंबर काय फुकट मोडते? आवणीत मी माझा तिसरा भाग सांगितला. माझ्या भागात सून त्या घरात गेलेलीच नव्हती. तिनं दुसरं मशीन आणलं, गल्लीतल्या दोन मुली हाताखाली घेतल्या. दुसऱ्या भागात जे झालं ते तिला पडलेलं स्वप्न होतं, असं मी बेधडक सांगून टाकलं. बायकांनी ते आनंदानं मान्य केलं. म्हातारी म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. ती बाई अशी जाईल व्हय परत?"

त्या वर्षी भातं निघाल्यावर वन्संनी मशीन पुसून काढलं. आधी परकर, मग झबली, मग ब्लाउज. वर्षभरात गावातल्या बायका मापाचे ब्लाउज घेऊन आमच्या ओटीवर यायला लागल्या. मला त्याचा अभिमान वाटला आणि धास्तीही वाटली, कारण ज्या गोष्टीवर त्या उभ्या राहिल्या होत्या ती मी रचलेली होती.

चौथा भाग सगळ्यांत वाईट. त्यात सून नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि पहिल्या भागात दार लावल्याबद्दल माफी मागते. तेच दार, ज्याच्यासाठी लोकांनी पहिला भाग चार-चार वेळा पाहिला होता. मी खुर्चीत बसून मोठ्यानं "काय हे" म्हणाले, मागच्या माणसानं मला गप्प बसवलं. आवणीत मी त्या बाईला दुकान काढून दिलं, त्यावर पाटी लावली आणि नवऱ्याला दारातूनच परत पाठवलं. इतका रंगलेला भाग मी आधी कधी सांगितला नव्हता.

त्याच श्रावणात वन्संचा नवरा आला, सोबत त्याच्या भावकीतले दोन वडीलधारे. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून बायको हवी होती. आमच्या घरातल्या पुरुषांनी त्यांना जेवू घातलं आणि भातं झोडून झाल्यावर कळवतो म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं किती दिस माहेरी ऱ्हायाचं?" वन्संना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बघू."

त्या बघूनं माझी झोप उडवली. नको म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या बाजूनं घरात भांडले असते. जाते म्हणाल्या असत्या तरी भांडले असते. बघू म्हणणाऱ्या माणसासाठी कसं भांडायचं?

आणि नेमकं तेव्हाच, भाताची झोडणी संपता संपता, तो चौथा भाग पुण्यात एका थिएटरला दुपारच्या खेळाला परत लागला. ओळीतल्या सगळ्या बायकांनी ठरवलं की एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचाच. मी गर्दीचं सांगितलं, एसटी मिळत नाही म्हणाले, डोकं दुखेल म्हणाले. म्हातारी म्हणाली, "पाटी बघायचीय मला दुकानावरची." वन्संही निघाल्या. त्यांना अडवायला माझ्याकडे एकच कारण होतं आणि तेच सांगता येत नव्हतं.

थिएटरात आम्ही कुणी न सांगता आवणीच्याच क्रमानं बसलो. म्हातारी टोकाला, मी मध्ये, वन्सं डावीकडे. पहिल्या अर्ध्या तासातच सून सासरच्या स्वयंपाकघरात दिसली. ओळीतून कुजबुज आली, "दुकान कुटं हाय?" मी पडद्याकडेच बघत राहिले. शेवट जवळ आला, नवरा अंगणात उभा राहिला, सून जिना उतरली आणि त्याच्या पायांवर वाकली. मी वन्संकडे पाहिलं. त्या डोळे न हलवता बघत होत्या.

तेवढ्यात टोकाकडून म्हातारीचा आवाज आला, खाचरात यायचा तसाच. "ही कोण बाई?"

"ही आपली न्हवं," म्हातारी म्हणाली. "आपली असं वाकायची न्हाई. उठा गं." आणि सिनेमा संपायच्या आत आमची सगळी ओळ उठून बाहेर पडली. दारावरच्या माणसानं विचारलं, आवडला नाही का? म्हातारीनं त्याला सुनावलं, "तुमाला गोष्ट सांगता येत न्हाई. आमच्या पुण्याचीला इचारा."

मला हसावं की रडावं कळेना. एसटी स्टँडवर बायका शेंगा घ्यायला गेल्या आणि मी व वन्सं बाकावर उरलो. मी म्हणाले, "वन्सं, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिसऱ्या भागापासून."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तिसऱ्या भागापासनंच. बाईच्या मशीनच्या दांड्याला निळी चिंधी गुंडाळलीय, असं तुमी सांगितलं. ती चिंधी मीच गुंडाळली व्हती आपल्या मशीनला. तुमी माह्यारी गेल्या व्हत्या तवा, कुणी बगत नसताना चालवून बगायचे मी."

मला तर आठवतही नव्हतं की मी चिंधीचं सांगितलं होतं. घरात रोज दिसणारी वस्तू आपोआप तोंडातून आली असणार. "मग मला अडवलं का नाहीत?" मी विचारलं.

"म्होरं काय हुतंय ते ऐकायचं व्हतं," वन्सं म्हणाल्या आणि एसटी आली म्हणून उठल्या.

आठवड्यानं नवरा आला. तेच दोघं सोबत. वन्सं ओटीवर मशीनपाशी होत्या, त्या उठल्या नाहीत. दारही लावलं नाही. वडीलधाऱ्यांचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आईचं दुखणं वाईट हाय. पर मी येत न्हाई. चा घेऊन जावा." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आमचे हे काहीतरी बोलायला लागले, तेव्हा आतून मी चहाचे कप जरा जोरातच आपटले. वन्सं दांडा फिरवत राहिल्या. चहा पिऊन ती माणसं गेली.

पाचवा भाग आला म्हणे. मी पाहिला नाही. पुढच्या आवणीत सगळ्या जणी ओळीत उभ्या राहिल्या आणि म्हातारीनं टोकाकडून हाक दिली, "सांग गं, म्होरं काय झालं?" मी मधल्या जागेवरून सरकले आणि वन्संना तिथं उभं केलं. त्यांनी हातातलं रोप चिखलात लावलं. मग म्हणाल्या, "म्होरं असं झालं, की ती ओटीवर बसली व्हती." मी खाली वाकले आणि त्यांची निम्मी पात लावायला घेतली.