‘प्यायलो होतो’ एवढंच म्हणायचं होतं

सळईचा गठ्ठा सातव्या स्लॅबच्या वर लटकत होता आणि माझा उजवा डोळा मिटायला लागला होता.

हिंजवडीला आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहतात, तिथे मी टॉवर क्रेन चालवायचो. टॉवर क्रेन म्हणजे तो उंच पिवळा खांब, वर आडवा हात असलेला. खांब त्या हाताला मिळतो तिथे काचेची केबिन असते. शिडीने चढायचं, दिवसभर एकट्याने बसायचं, डबाही वरच खायचा. शाळा माझी चौथीत सुटली. पण त्या साइटवर माझ्यापेक्षा वर कोणी बसत नव्हतं, साहेबसुद्धा नाही.

वॉकीटॉकीवर भगवानचा आवाज आला. भगवान माझा सिग्नलमन, वाशीमकडचा. वरून ऑपरेटरला खालचं नीट दिसत नाही. सिग्नलमन सांगेल तसं चालवायचं.

“मामा, काहून थांबले?”

“खालची माणसं हलव. सगळी.”

“झालं काय पण?”

“आधी हलव, मग विचार.”

लोक माझ्या ह्या डोकेदुखीला अर्धशिशी म्हणतात. पण अर्धशिशी माझ्या बायकोला आहे, ती मला चांगली ठाऊक आहे. ती उठली की मंगलला अंधार लागतो, उलट्या होतात, ताट वाजलेलं सोसत नाही. ती हलत नाही. माझं उलटं. मला जागेवर बसवत नाही. डोळ्यामागे तापलेली पहार घालून कोणी फिरवतंय असं होतं. त्याच बाजूचा डोळा गळतो, पापणी पडते, एकच नाकपुडी वाहते. तासाभराने जातं, जसं काही झालंच नाही. वर्षातले काही आठवडे रोज ठरल्या वेळेला येतं, मग कित्येक महिने नाव नाही. माझी वेळ संध्याकाळची, घरी पोचल्यावरची. त्या दिवशी ते दुपारीच आलं, आणि थेट केबिनमध्ये आलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लोड हवेत ठेवून ऑपरेटरने केबिन सोडायची नाही.

“आरिया, मामा,” भगवान म्हणाला. आरिया म्हणजे खाली सोड. “आरिया… हळू… जरासं डावीकडं… आरिया.”

एका डोळ्याने अंतर कळत नाही. मी त्याच्या आवाजावर लोड सोडत गेलो. गठ्ठा जमिनीला टेकला, पट्टे ढिले पडले. मग मी शिडी उतरलो. कशी उतरलो ते विचारू नका.

खाली आल्यावर मी कुंपणाच्या पत्र्याला कपाळ आपटत येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर जोशी मॅडम आल्या. पेठेतल्या. बोलणं मऊ, धार आत.

“अहो काका, डोळा लाल, तोल जातोय, पत्र्याला डोकं आपटताय. दुपारी काय घेतलंत आपण?”

“पिठलं-भाकरी.”

“पिठल्याने असं होत नाही.”

त्या फुंकायचं मशीन आणायला ऑफिसात गेल्या. दारू प्यायलेल्या माणसाने त्यात फुंकलं की आकडा उमटतो.

तेवढ्यात फोरमन शेलार आला. मुळशीकडचा, माझा जुना सोबती. मला सिमेंटच्या गोडाऊनमागे ओढत घेऊन गेला.

“मामा, ऐक माझं. मॅडम मशीन आणायच्या आत कबूल हो. काल लग्नात प्यायलो होतो, उतरली नव्हती, आसं सांग.”

“मी पीत नाही.”

“मला काय म्हाईत न्हाय का? पर कबूल झालास तर आठ दिस घरी, मग परत वर. फुंकायचं मी मिटवतो. दुखणं सांगितलंस तर मेडिकल हाय. मेडिकलला गेलेला कोण परत वर चढलाय? नाव सांग एक.”

मी बाहीने गळता डोळा पुसला.

“पिणाऱ्याला माफी हाय मामा. आजाऱ्याला न्हाय.”

माझा थोरला भाऊ दारूने गेला. गावात आमच्या घराला दारुड्याचं घर म्हणायचे. ते पुसायला मला अर्धं आयुष्य लागलं. ते एका दुपारीत परत कपाळावर मारून घेऊ? आणि आठ दिवसांनी वर गेलो असतो, तर दुखणंही माझ्यामागून शिडी चढलं असतं. खाली बाया घमेली घेऊन फिरतात. भगवान उभा असतो.

“येऊ दे मशीन,” मी म्हणालो.

“मर मग,” शेलार म्हणाला. त्याचे दोन्ही डोळे भरले होते. माझा एकच.

मी फुंकलं. शून्य. मॅडमनी मशीन हलवून बघितलं.

“बिघडलं असेल.”

“मग तुम्ही फुंकून बघा.”

मॅडमनी फुंकलं. शून्य.

“म्हणजे आपण दोघंही शुद्धीवर आहोत,” त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. “काका, मग हे काय आहे?”

डोळ्यात कचरा गेला म्हणालो असतो, तरी खपलं असतं. मी खरं ते सांगितलं. सगळं.

मेडिकल झालं. डॉक्टर म्हणाले, क्लस्टर हेडेक. इतकी वर्षं सोसलं, त्याला नाव आहे हे तेव्हा कळलं. औषधं दिली. दुखायला लागलं की मास्क लावून ऑक्सिजन ओढायचा, म्हणाले.

“मग सिलिंडर केबिनमध्ये नेतो की.”

“काका, वर तुम्ही मास्क लावाल. खालच्यांना काय लावायचं?”

कागदावर आलं, उंचीवरील कामास अयोग्य.

जोशी मॅडमनी आपणहून स्टोअरमध्ये जागा काढली. “खुर्चीत बसून काम आहे, काका. दगदग नाही.”

“मॅडम, बसवत नाही हेच तर माझं दुखणं आहे.”

खरं म्हणजे खाली बसून वर बघायचं मला जमणार नव्हतं. माझा डबा आणि गमछा केबिनमध्येच राहिला होता. आणायला मला वर सोडलं नाही. नियमाने बरोबरच होतं. भगवान चढला आणि घेऊन आला. डब्यात अर्धी भाकरी तशीच वाळून पडली होती.

आता वारज्याला घरी असतो. दुखण्याचा हंगाम येतो. ऑक्सिजनने पुष्कळदा उतरतं, कधी नाही उतरत. एखाद्या संध्याकाळी मंगलची अर्धशिशी आणि माझं, दोन्ही बरोबर येतात. ती आत अंधार करून पडते. तिला पावलांचा आवाजसुद्धा लागतो, आणि मला चालल्याशिवाय राहवत नाही. मग मी चप्पल काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये अनवाणी फेऱ्या मारतो. टोकाला जाळी आहे. तिच्यातून लांबवर एक क्रेन दिसते. डावा डोळा उघडा असतो, तेवढ्याने बघतो.

शेलारचा फोन येतो अधूनमधून. माझ्या जागेवर आलेला ऑपरेटर मागे पिऊन सापडला, म्हणाला. आठ दिवस घरी बसला. आता परत वर आहे.

नव्या ऑपरेटरांना माझं सांगणं थोडकं आहे. खरं बोललं की क्रेन परत मिळते, असं धरून चालू नका. लोड मात्र आधी जमिनीला टेकवा, मग केबिन सोडा. मी टेकवला होता.