पाहुण्याची खुर्ची

माझं घर शिरूरला, अभ्यास मानववंशशास्त्राचा, आणि विषय दौंडचे बेने इस्रायली. हे मराठी बोलणारे ज्यू देवाशी नातं कसं राखतात, ते मी लिहून घेत होते. रेल्वेच्या नोकरीपायी इथं आलेली त्यांची कुटुंबं एकेक करून इस्रायलला गेली, रेल्वे कॉलनीजवळ एक मावशी तेवढ्या उरल्या. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जाई. कुणी श्रद्धेचं काही विचारलं तर होही म्हणायचं नाही आणि नाहीही, हा माझा नियम. त्याचा मला चांगलाच माज होता.

एकदा मात्र मी मंगळवारीच गेले, न कळवता. दार सताड उघडं. मावशींनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि नेहमीचं 'या ताई' न म्हणता मला पांढरी चादर घातलेल्या खुर्चीकडे नेलं. ती खुर्ची एलियाहू हन्नबीची, त्यांच्या प्रेषिताची. तो अनोळखी पाहुणा होऊन कधीही येतो, म्हणून तिच्यावर कुणी बसायचं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी कचरले. त्यांनी खांदा दाबून बसवलंच.

समोर नवसाचा मलिदा होता, गूळ-खोबऱ्यातले पोहे आणि वर फळं. तिकडे इस्रायलमध्ये हैफाला त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. मी सवयीने फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

"माजं पोरगं वाचंल ना?" मावशींनी विचारलं.

त्या मला कोण समजताहेत ते तेव्हा कळलं. मी तोंड मिटून बसले. घरामागून एक मालगाडी कितीतरी वेळ जात राहिली. मग मावशींनी डोळे पुसले आणि माझ्या हातावर पोहे ठेवले. शिरूर येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं?

गुरुवारी गेले तर मावशी दारातच उभ्या. मुलगा शुद्धीवर आला होता.

"ताई, तुमी मंगळवारी याया पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "ते आले व्हते. वाचंल म्हनले."

तसं कुणी म्हणालंच नव्हतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. मावशींचा प्रश्न, मालगाडी, आणि ती संपता संपता अगदी स्पष्ट, "वाचेल." आवाज माझा आहे. मी तोंड उघडलं नव्हतं, हे कुठेही शपथेवर सांगेन.

रेकॉर्डिंग उतरवून काढताना प्रत्येक वाक्यापुढे ते कोण बोललं, हे लिहायचं असतं. त्या शब्दापुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.