बांगड्यांसकट सुशीलाबाई

"कुणासाठी नटता हो बाई एवढं?" बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या बायका सुशीलाबाईंना विचारायच्या. लग्न न झालेल्या आणि मुलींच्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या सुशीलाबाई रोज इस्त्रीचं पातळ, डोळ्यांत काजळ, हातभर हिरव्या बांगड्या आणि अंबाड्यात फूल अशा घराबाहेर पडायच्या. त्या हसून म्हणायच्या, "आधी माझ्यासाठी. मग जिला आवडतं तिच्यासाठी."

जिला आवडायचं त्या गोदूताई. दोघी एकाच घरात राहायच्या. गोदूताईंचे केस बारीक कापलेले, अंगात शर्ट आणि धोतर. वडिलांमागे बहादरपूरची केळीची बाग त्याच बघायच्या, सायकलवरून ये-जा करायच्या. आमचं घर समोरच, शिवाय मी बाईंची विद्यार्थिनी, म्हणून माझा तिथे सदा वावर. गल्लीनं आपापसात ठरवूनच टाकलं होतं, की गोदू म्हणजे बाप्या आणि तिनं या भोळ्या मास्तरणीला नादी लावलंय. चांगलं स्थळ आलं की मास्तरीण सुटेल. मी बघायचे ते वेगळंच. जिला वेळ असेल ती चूल पेटवायची. बाईंची भाकरी करपायची आणि गोदूताईंचं वरण खारट व्हायचं. दोघी एकमेकींना नावं ठेवत जेवायच्या.

मॅट्रिकच्या वर्षी मी एके दुपारी कात्रीनं स्वतःची वेणी कापून बाईंकडे गेले. घरी आईनं रडून गोंधळ घातला होता. मला माझी मैत्रीण मालती आवडायची, आणि तसं असेल तर गोदूताईंसारखंच दिसायला हवं, असं मी धरून चालले होते. बाईंनी मला समोर बसवलं, वेडेवाकडे केस सारखे केले. "कमल, तुला असे आवडत असतील तर असेच ठेव," त्या म्हणाल्या, "पण कुणाला पटवून द्यायला म्हणून नको. मी अशी नटते, म्हणून गोदूवर माझा जीव काय कमी आहे?"

पुढे राज्यांची नवी मांडणी झाली. अमरावती मुंबई राज्यात गेली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. बाई मूळच्या अमरावतीच्या, त्यामुळे त्यांची बदली तिकडे निघाली. त्यांना न्यायला मोठे भाऊ आले. मी तेव्हा ओसरीवर होते.

"झालं ते झालं," भाऊ गोदूताईंना म्हणाले. "तुझं समजू शकतो, तू पहिल्यापासून पुरुषासारखी. पण माझी बहीण तशी नाही. तिला मोकळी कर."

"मी कायले धरून ठेवू?" गोदूताई म्हणाल्या. "तिले जायचं असंल तर जाऊ द्या."

बाई आतून आल्या. "दादा, हिनं मला नादी लावलं नाही. आधी मी विचारलं. ही तर घाबरून किती दिवस शेतावरून घरीच येईना. माझ्याकडे नीट बघा. मी तशीच आहे, या बांगड्यांसकट."

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परतले. बाईंनी राजीनामा दिला. सरकारी नोकरी सुटली, माहेरही सुटलं. भाऊबीजेला त्या ओवाळणीचं ताट घासायच्या आणि तसंच फळीवर ठेवून द्यायच्या. मग घरीच शिकवण्या सुरू केल्या. गोदूताई कधीतरी म्हणायच्या, "माझ्यापायी घालवलं सगळं." बाई चिडायच्या. "तुझ्यापायी नाही. मला इथं राहायचं होतं म्हणून."

मी खांडव्याच्या शाळेत लागले. मालतीही तिथेच आली, आम्ही एकत्र बिऱ्हाड केलं. तिला पहिल्यांदा बाईंकडे नेलं तेव्हा मी विचारलं, "बाई, आम्ही दोघीही साडीवाल्या. आमच्यात गोदूताई कोण?"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अगं गोदू, ऐकलंस का?"

"कोणीच नका होऊ," गोदूताई आतून ओरडल्या. "या घरात मी एक आहे ते पुरे."

काही वर्षांनी बाई तापानं गेल्या. निरोप मिळताच आम्ही दोघी आलो. त्यांचे भाऊही आले होते. तापीच्या घाटावर ते अग्नी द्यायला पुढे झाले आणि तिथेच थांबले. गोदूताईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही द्या."

मंडळींत कुजबुज झाली. कुणीतरी समजुतीनं म्हणालं, "चालेल हो. गोदू म्हणजे पुरुषासारखीच."

"पुरुष नाही मी," गोदूताई म्हणाल्या. "बाईच आहे. सुशी माझी होती, म्हणून देते."

त्यांनी पेटतं लाकूड हातात घेतलं. मी आणि मालती काठावरून खाली उतरलो आणि त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.