खंडेनवमीला घासलेल्या पट्ट्या

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत सहा रिकामी पाकिटं होती. संभाजीनगरपुढे देवगाव रंगारीला पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी वर्षभरापूर्वी मी लोखंडाच्या सहा पट्ट्या टांगल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा लेप. कोणती कमी गंजते ते पाहून टाकीच्या नव्या शिडीला कोणता लेप द्यायचा ते ठरणार होतं. जुनी शिडी पार कुजलेली, आणि गावाला पाणी सोडणारा कडुबा रोज तिच्यावरूनच चढायचा. पट्ट्यांचा निकाल आल्याशिवाय नव्या शिडीला मंजुरी नाही, असं कार्यालयानं बजावलं होतं.

वेरूळच्या पुढं बस पंक्चर झाली. आभाळ मळकट, वारा पडलेला. तासभर कपाशीकडं बघत चरफडत बसलो.

देवगावला पोचलो तर कडुबाच्या घरी त्याच्या बायकोनं, रुख्मनबाईंनी, भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) वाढली. "आधी जेवा साहेब. टाकी कुठं पळून जाती?"

जेवून आम्ही तिघं टाकीपाशी गेलो. सहाही पट्ट्या लखलखत होत्या. वर हळदकुंकवाची बोटं.

"कोणी घासल्या?"

"म्या," बाई हौसेनं म्हणाल्या. "खंडेनवमीला घरातलं समदं लोखंड घासून पूजतो आम्ही. विळा, कुऱ्हाड, पहार. ह्यांच्या जिवासाठी टांगलेल्या पट्ट्या तशाच कशा ठेवायच्या? चिंच अन् विटंच्या चुऱ्यानं लई घासल्या."

लेप गेले, गंज गेला, वर्ष गेलं. राग आला, खोटं कशाला बोलू? पण टांगताना 'हात लावू नका' एवढंही मी कुणाला सांगितलं नव्हतं. शिकलेला गाढव मीच.

"आता शिडी येईल ना?"

"पुन्हा टांगाव्या लागतील. अजून वर्षभर."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळं."

"नाही हो बाई, चूक माझी."

त्यांना ते पटलं नाही. पाणी सोडायची वेळ झाली म्हणून कडुबा चढू लागला. शिडी करकरली, गंजाचे पापुद्रे आमच्या डोक्यावर पडले. तो वर पोचेपर्यंत बाईंनी मान खाली केली नाही.

पुण्याहून आणलेल्या, लेप दिलेल्या जादा पट्ट्या मी टांगल्या.

"ह्यांना आता हात नाय लावणार," बाई म्हणाल्या. "पुढल्या खंडेनवमीला ह्या शिडीला तरी हळदकुंकू लावू का?"

"लावा," म्हणालो.

परतीच्या बसमध्ये केसांतले पापुद्रे काढत होतो. इतकी वर्षं गंजाचा अभ्यास केला, आणि त्या बाईला देण्यासारखं माझ्याकडं 'लावा' एवढंच निघालं.