अकरा महिन्यांची शिकवणी

पुण्याजवळच्या माण गावात स्वतःला शेतकरी म्हणवणारे आम्ही सगळे आता खरं तर खोल्या भाड्याने देणारे लोक आहोत. जिथे आमचा भात पिकायचा तिथे काचेच्या इमारती झाल्या आणि उरलेल्या तुकड्यावर आम्ही घर चढवलं. खाली मी, वर तीन मजल्यांत नऊ खोल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नगरला असते, रविवारी फोन करते, तोही हल्ली कणीक मळता मळता. वरून दिवसभर पावलांचे, नळांचे, दारांचे आवाज येतात, पण माणूस म्हणून कुणी खाली डोकावत नाही. नऊ खोल्यांची मालकीण मी, आणि संध्याकाळी बोलायला शेजारच्यांच्या शेळ्या.

भाडेकरूंचे निरोप फोनवर इंग्रजीत येतात. ते मी शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिराकडून वाचून घ्यायचे. दीर वाईट नाही, पण निरोप वाचून दाखवायच्या आधीच त्यावर निकाल देऊन मोकळा होतो. गीझर चालत नाही असं कुणी लिहिलं असेल, तर माझ्यापर्यंत एवढंच पोचायचं की काही नाही, नाटकं आहेत. माझ्याच घरातला गीझर बिघडल्याचं मला आठ दिवसांनी कळायचं आणि माझं डोकं फिरायचं. दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. इंग्रजीत पस्तीसच मार्क पडले होते, पण पडले होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर सगळ्यात वरची टोकाची खोली एका मुलीने घेतली. चंद्रपूरकडची होती, कंपनीत कामाला, आठवड्यातले तीन दिवस खोलीतूनच काम करायची. पहिल्याच आठवड्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालायला आली, मी तिथे मेथी निवडत बसले होते. न विचारता ती समोर बसली आणि तिने एक जुडी सोडली. मी म्हटलं, एवढं येतंय तर मला फोनवरचे इंग्रजी निरोप वाचायला शिकव. ती हसली नाही. मला तिच्यातली आवडलेली पहिली गोष्ट हीच.

गच्चीवरची पाण्याची काळी टाकी आमचा फळा झाली. कामावरून उठली की पाचच्या सुमाराला ती खडू घेऊन यायची. तिची पद्धत अशी, की एका वेळी दोनच शब्द घ्यायचे आणि तेही ऐकायला जवळपास सारखे. दोघांतला फरक कळला की दोन्ही डोक्यात राहतात, असं तिचं म्हणणं. शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी. मी जन्मात जहाज पाहिलेलं नाही, मेंढरं मात्र दारावरून जातात, म्हणून माझी शीप लगेच पाठ झाली आणि जहाज बरेच दिवस बुडालेलंच राहिलं. मग वॉक आणि वर्क. वॉक म्हणजे चालणं, वर्क म्हणजे काम. मी तिला सांगितलं की आमच्या वेळी गावात कुणी कामाशिवाय चालतच नव्हतं, आम्हाला एका शब्दात भागलं असतं. त्या दिवशी मात्र ती हसली.

लिव्ह आणि लीव्ह यांना आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. लिव्ह म्हणजे राहणं, लीव्ह म्हणजे सोडून जाणं. ई किती लांबवायची एवढाच फरक. मला तर ही भाषाच निष्काळजी वाटली. राहणं आणि जाणं इतकं शेजारी शेजारी ठेवतं का कुणी? लीव्ह म्हणजे रजासुद्धा, असं तिने सांगितल्यावर मात्र मला पटलं, कारण आपणही निघताना रजा घेतो म्हणतो. ती टाकीला टेकून बसली होती. म्हणाली, "काकू, आम्ही दोन्ही एकाच वेळी करतो. राहतो तेव्हासुद्धा निघायच्या तयारीतच असतो." ते खरं होतं. तिच्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं, तरी कपडे बॅगेतच असायचे. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मी पाहिलं होतं.

तिने शिकवलं आणि मी निरोप वाचायला लागले. उन्हाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या पोराने लिहिलं, रविवारी खोली सोडतोय. ते मी दिराच्या आधी वाचलं आणि त्याला जाऊन सांगितलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण खरं सांगायचं तर तोवर मला निरोपांचं काही राहिलं नव्हतं. पाच वाजायची वाट मी तिच्यासाठी बघायचे. ती कंपनीत जायची त्या दिवशी मी भाजीसुद्धा निवडायचे नाही, दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. ती जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. साठीच्या जवळ आलेल्या बाईने हे असं उघड लिहावं का, माहीत नाही, पण होतं ते असं होतं.

आता आमच्या घरचा नियम सांगायला हवा. आमच्याकडे कुणीही एका खोलीत सलग अकरा महिन्यांच्या वर राहत नाही. कागद अकरा महिन्यांचा करतात तो सगळीकडेच, आणि संपला की लोक नवा करतात. आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. खोली सामानासकट रिकामी करायची, कुलूप आठ दिवस आमचं लागायचं, आत चुना मारायचा आणि मगच वाटलं तर त्याच माणसाने परत यायचं. हा नियम सासऱ्यांचा. त्यांचे वडील दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ होते आणि कूळकायदा आला तेव्हा कसत होते म्हणूनच मालक झाले. सासरे म्हणायचे, "आमी बसलो म्हणून जमीन आमची झाली. उद्या आपल्या खोलीत कोण बसंल, त्याची बी व्हईल." शहरातल्या वकिलाने एकदा नवऱ्याला समजावलं होतं की खोलीचं असं काही होत नसतं. नवऱ्याने मान डोलावली आणि घरी येऊन नियम तसाच चालू ठेवला. मीही ठेवला.

नवरात्राच्या तोंडावर तिचे अकरा महिने भरले. दीर तारखा पाठ करून बसलेला असतो. तो आणि मी अंगणात उभे असताना ती कंपनीतून आली आणि तिने सरळ विचारलं, "काकू, मी राहिले तर चालेल का?"

राहा म्हणायचं होतं मला. दीर माझ्याकडे बघत होता. जमिनी गेल्या, माणसं गेली, निदान घरची रीत तरी मोडू नये असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं असेल. मी म्हटलं, "नियम समद्यांना एकच हाय, पोरी. आठ दिवसांचा तर प्रश्न हाय."

ती बरं म्हणाली. दोन दिवसांनी टेम्पोही लागला नाही तिला, रिक्षात बसलं सगळं. जाताना येते म्हणाली. आपल्याकडे कायमची जाणारीही येतेच म्हणते, हे मला न कळण्याइतकी मी लहान नाही. तरी मी ते खरं धरून बसले.

ते आठ दिवस मी त्या खोलीवर जेवढी राबले तेवढी कधी कुठल्या खोलीवर राबले नव्हते. चुन्याऐवजी चांगला रंग लावून घेतला. खिडकीची कडी बसत नव्हती ती बदलली. कपाटाच्या फळ्या पुसून त्यांवर कागद घातला. दिराने दोन गिऱ्हाइकं आणली, मी दोघांना परत पाठवलं. तो म्हणाला, वहिनी, खोली काय देव्हाऱ्यात ठेवायची आहे का? खाली घट बसले होते, रोज माळ घालायची आणि रिक्षाचा आवाज आला की दारात यायचं, असं चाललं होतं. फोन मी केला नाही. मालकिणीने भाडेकरूला बोलावणं धाडायचं म्हणजे काय, असा एक ताठा होता.

दसऱ्याला तो ताठा संपला. सकाळी फोन लावला, सणाचं बोलले, मग विचारलं की सामान कधी आणतेस. तिने सांगितलं की पलीकडे दुसऱ्या जागी खोली घेतली, पैसेही भरून झाले. मी जरा चिडूनच म्हटलं की आठ दिवसच तर म्हटलं होतं, मी खोली धरून ठेवली आहे.

"आठ दिवस मी कुठे जाणार होते, काकू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पुण्यात मी फक्त तुम्हालाच ओळखत होते."

आमचे बाकीचे भाडेकरू त्या आठ दिवसांत मित्रांकडे जातात, गावी जाऊन येतात. कोण कुठे जातं हे आम्ही कधी विचारलेलं नाही. मला वाटत होतं की या घरात एकटी फक्त मीच आहे. अकरा महिने रोज तिच्यासमोर बसून मला हे दिसलं नव्हतं.

"माझ्याकडं खाली ऱ्हायचं हुतंस की," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणाला नाहीत."

ते खरं होतं. मी तिला सोनं घ्यायला ये म्हटलं, ती बघते म्हणाली आणि आम्ही फोन ठेवला. माझ्या खोलीत माझ्या पलंगाशेजारी नवऱ्याची कॉट आहे. चार वर्षं तिच्यावर कुणी झोपलेलं नाही. रोज सकाळी मी तिची चादर झटकते, त्या आठ दिवसांतही रोज झटकली होती.